मी ओरडलो होतो

मी पार्सर बोलतोय. नाव ऐकलं नसेल, पण तुमच्या ब्राउझरमध्ये दिवसभर मीच राबतो. सर्व्हरकडून येतो तो नुसता मजकूर, अक्षरांची लांबलचक माळ. तिच्यातून नाव, वय, औषधं वेगवेगळी काढून मी कामाला येईल असं ऑब्जेक्ट, म्हणजे नीट कप्पे पाडलेला डबाच, बनवतो.

मजकूर तुटका असला, तर मी अंदाजपंचे काही बनवत नाही. सरळ ओरडतो आणि काम थांबवतो. मला घडवलंच तसं आहे.

मला एका दवाखान्याच्या कामाला जुंपलं. जुंपणाऱ्या प्रोग्रामरची थोरली बहीण तिथेच नर्स. तो आपल्या कंपनीतल्या साहेबांना काम दाखवत असताना मजकूर अर्धाच आला आणि मी ओरडलो. स्क्रीनवर एरर दिसता कामा नये, असं साहेबांनी बजावलं. मजकूर वाटेत का तुटतो, ते शोधायला हवं होतं. पण कष्ट कोण घेणार? या पठ्ठ्यानं माझ्याच तोंडात बोळा कोंबला. मी ओरडलो, की गुपचूप एक रिकामं ऑब्जेक्ट पुढे सरकवायचं! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. साहेब मात्र खूश झाले.

मग एक वयस्कर बाई तापानं फणफणून आल्या. एक इंजेक्शन त्यांच्या जिवावर बेततं, अशी नोंद होती. ती वाटेत तुटली. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. स्क्रीनवर ॲलर्जीची चौकट कोरी दिसली आणि प्रोग्रामरच्या ताईनं नेमकं तेच इंजेक्शन दिलं. बाईंचा श्वास कोंडला. डॉक्टरांनी धावाधाव करून त्यांना वाचवलं, पण चौकशी होईपर्यंत ताईला घरी बसवलं.

संध्याकाळी तिनं भावाला गाठलं.

"कोरी चौकट बघून मला वाटलं, काही नाही. नोंद वाचता येत नाही एवढं जरी दिसलं असतं, तरी मी बाईंना विचारलं असतं रे."

साहेबांनीच तसं सांगितलं होतं, असं तो पुटपुटला.

"मग हे चौकशीत सांगशील?"

तो लॅपटॉपकडे वळला. मला संताप आला, अजूनही येतो.

त्याच रात्री त्यानं माझ्या तोंडातला बोळा काढला, कोणाला कळू न देता. चौकशी उद्या आहे. त्या खोलीत मला कोणी नेणार नाही. अरे, तिनं तुला कडेवर खेळवलंय. तिची नोकरी जाईल. उद्या तोंड उघड.