लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचं मीठ

श्रीपादने शिकारीचा परवाना काढला हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. मिरजेला थोरल्या भावाला कळलं असतं तर त्याने फोनवर बोलणंच टाकलं असतं. मुलीला, इराला, सांगायचं होतं, पण ते राहून गेलं.

त्याची बायको मालिनी गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तिच्या आजारपणात इराने बारावीसारखी ती आबिटूरची परीक्षा कशीबशी दिली आणि वर्षभरात ती डार्मश्टाटच्या युनिव्हर्सिटीत निघून गेली. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या तीन खोल्यांच्या घरात श्रीपाद एकटा उरला. दिवस कसा निघून जायचा ते कळायचं नाही. मोटारींच्या गिअरबॉक्सचं काम, मीटिंगा, कँटीनमधलं जेवण यांत तो संपायचा. संध्याकाळ मात्र संपता संपत नसे. घरी जाऊन दिवा लावायचा, कालची भाजी गरम करायची, टीव्हीवर आवाज हवा म्हणून काहीतरी लावून ठेवायचं. हे सगळं ओळखूनच की काय, ऊवे नावाच्या ऑफिसातल्या माणसाने त्याला एकदा विचारलं, की आमच्या शिकारी मंडळाचा वर्ग सुरू होतोय, येऊन तर बघ. श्रीपाद गेला, आणि जातच राहिला. झाडांची नावं, पायांचे ठसे, कायदे, बंदुकीची सफाई. हिवाळाभर आठवड्यातून दोन संध्याकाळी जायला एक जागा झाली. परीक्षा त्याने सहज पास केली. पण पास झाल्यावर वर्ग संपला आणि संध्याकाळी पुन्हा मोकळ्या झाल्या.

मग ऊवे त्याला आपल्या जागेवर बसायला घेऊन जाऊ लागला. कधी श्रीपाद एकटाच जाई. जंगलाच्या कडेला लाकडाचं उंच मचाण असतं, त्याला इथे होखझित्स म्हणतात. त्यावर चढून अंधार पडेपर्यंत बसायचं. दीड वर्षात श्रीपादने एकदाही चाप ओढला नाही. ऊवे त्याची थट्टा करायचा, पण बोलावणं बंद केलं नाही.

दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात ऊवेचा मेव्हणा, येना शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतला फॉर्स्टर, म्हणजे वनाधिकारी, याने दोघांना बोलावलं. ऐन वेळी ऊवे तापाने पडला. श्रीपादनेही रद्दच केलं असतं. पण त्याच रविवारी लक्ष्मीपूजन होतं, आणि येनाहून परतताना डार्मश्टाटवरून यायचं ठरलं होतं. तिथे गुरुदत्त आणि शोभना यांच्याकडे दरवर्षी दिवाळीचा फराळ असे. मालिनी असल्यापासूनचं ते ओळखीचं घर. इराही तिथेच येणार होती. ती तीन महिन्यांत भेटली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी फॉर्स्टरने त्याला मचाणावर सोडलं, आपली बंदूक हातात दिली आणि तो निघून गेला. ऊन कलल्यावर गवतात एक तरणं हरीण आलं. सांबराच्या जातीचं, डोक्यावर नुसती दोन सरळ शिंगं. इतके दिवस अशा वेळी श्रीपादचा श्वास थांबायचा आणि तो नुसता बघत राहायचा. त्या दिवशी काय झालं ते त्याला पुढेही नीट सांगता आलं नाही. बोट हललं. हरीण चार उड्या मारून गवतात कोसळलं.

फॉर्स्टर आला, त्याने तिथल्या रिवाजाप्रमाणे हरणाच्या तोंडात फरच्या झाडाची एक डहाळी ठेवली, दुसरी श्रीपादच्या टोपीत खोचली आणि डोकं उघडं करून हात मिळवला. या सगळ्याला एक गांभीर्य होतं. श्रीपादला एकदम अंत्यविधीची आठवण झाली. दोघांनी मिळून जनावर खाली आणलं, सोललं. मांस फॉर्स्टरच्या शीतघरात गेलं, ते त्याचंच होतं. शिंगं फार लहान होती, ठेवण्यासारखी नव्हती. कातडं त्याने कोपऱ्यातल्या पिंपाकडे ओढत नेलं तेव्हा श्रीपादने विचारलं, की हे मला मिळेल का.

फॉर्स्टरला आश्चर्य वाटलं. हल्ली कातडं कोणी नेत नाही, म्हणाला. काय करणार याचं? एक जीव घेऊन हात हलवत घरी जायचं श्रीपादच्या मनाला पटेना, एवढंच. पण हे जर्मनमध्ये नीट मांडता आलं नाही, आणि मराठीतही आलं असतं की नाही कोण जाणे.

सकाळी फॉर्स्टरने कातडं गुंडाळून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलं. बजावून सांगितलं, की सरळ घरी जा, आणि पोचल्या पोचल्या आतल्या बाजूला भरपूर मीठ चोळा, पाच-सहा किलो तरी. उद्यावर टाकलंत तर केस सुटतील. माझ्याकडचं मीठ संपलंय, आणि आज रविवार, सगळी दुकानं बंद. श्रीपाद जर्मनमध्ये "हो, हो, बरोबर," म्हणाला आणि गाडीत बसला.

सरळ घरी जायचं, की डार्मश्टाटला? वाटेत पहिल्या पेट्रोल पंपावर कॉफी घेताना त्याला इराचा मेसेज आला. तू किती वाजता पोचतोस, असं जर्मनमध्ये विचारलेलं. त्याने लगेच गाडी पश्चिमेकडे घेतली. पंपावर मिठाच्या छोट्या पुड्यांशिवाय काही नव्हतं. बाहेर ऑक्टोबर असून ऊन चांगलंच पडलं होतं. तो हीटर बंद ठेवून, खिडकी उघडी टाकून, कुडकुडत गाडी चालवत राहिला.

गुरुदत्तकडे दारातच आकाशकंदील, रांगोळी, चकलीचा वास. आठ-दहा कुटुंबं जमली होती. इरा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, मालिनीची मोरपंखी साडी नेसलेली. शोभनाने नेसवून दिली असावी, निऱ्या मालिनीसारख्याच बसल्या होत्या. इराने गळ्यात हात टाकले आणि लगेच मागे सरकून विचारलं, हा वास कसला? धुराचा असेल, तो म्हणाला. त्याने हातपाय घासून धुतले. लाडू खाल्ला. कोणी पुण्यातल्या फ्लॅटबद्दल बोलत होतं, कोणी नागरिकत्वाच्या अर्जाबद्दल. तो हो-हो करत होता. खाली उन्हात उभ्या असलेल्या गाडीवरून त्याचं मन निघत नव्हतं.

घड्याळं त्याच पहाटे एक तास मागे गेली होती, त्यामुळे अंधार लवकर आला. पूजा झाली. मग त्याला राहवेना. तो स्वयंपाकघरात गेला आणि हळूच म्हणाला, "शोभनावहिनी, घरात मीठ किती आहे?"

शोभना हसली. तिला वाटलं भाजीत कमी पडलं. पण त्याला पाच किलो हवंय म्हटल्यावर तिचं हसू थांबलं. "अहो भाऊजी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दिवेलागणीला कोणी घरातलं मीठ बाहेर देतं का?" ती म्हणाली. रागावून नव्हे, संकोचाने. "आणि एवढं कशाला?"

मग सांगावंच लागलं. आवाज खाली ठेवूनही शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलेलं त्याला कळलं. गुरुदत्तने मटण आवडीने खाणाऱ्यांपैकी दोघांची नावं घेऊन काही विनोद करायचा प्रयत्न केला, तो कोणी उचलला नाही. सगळे श्रीपादशी एकदम फार नम्रपणे वागू लागले. ते त्याला जास्त लागलं. मालिनी गेली त्या आठवड्यातही ही माणसं अशीच नम्र झाली होती.

शोभनाने कपाटातून मिठाच्या दोन पिशव्या काढल्या. आधी देव्हाऱ्यापुढे ठेवल्या, मग उचलून त्याच्या हातात दिल्या. "हे परत आणून देऊ नका हं," ती म्हणाली. त्यात माया होती की आणखी काही, हे तो पुढे बरेच दिवस ठरवत राहिला.

खाली इमारतीच्या मागे गाड्या लावायची जागा होती. दिव्याखाली त्याने पिशवी जमिनीवर उलगडली. कातडं अजून गार लागत होतं, पण मानेकडचा भाग उबट झाला होता. एकट्याने ते ताणून धरून मीठ चोळता येईना. एक टोक धरावं तर दुसरं गुंडाळून येत होतं. तेवढ्यात पावलं वाजली. इरा पदर कमरेला खोचून, शोभनाचे भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून आली होती. ती मांस खात नसे, शाळेत असल्यापासून. तिने मान दुसरीकडे वळवली आणि एक कड दोन्ही हातांनी धरली.

तो चोळू लागला. ती जर्मनमध्ये प्रश्न विचारत होती आणि तो मराठीत उत्तरं देत होता, लहानपणापासून दोघांचं असंच चालायचं. तू स्वतः मारलंस? हो. कधीपासून जातोस? दीड वर्ष झालं. आवडतं तुला हे, मारणं? नाही, मारणं नाही. मग काय?

मीठ बोटांच्या भेगांत झोंबत होतं.

"तिथे वर एकटं बसायचं असतं," तो म्हणाला. "ते कामच असतं तिथलं. कोणाला त्याचं वाईट वाटत नाही. घरी एकटं बसलं की लोक फोन करतात आणि विचारतात, जेवलास का."

इराच्या हातातली कड सैल झाली, मग तिने पुन्हा घट्ट धरली. बऱ्याच वेळाने ती मराठीत बोलली. तिच्या मराठीला सवय राहिली नव्हती, शब्द मोजून टाकल्यासारखे येत होते.

"मला का नाही सांगितलंस, बाबा?"

"सांगणार होतो."

"मीपण सांगणार होते," ती म्हणाली. "ख्रिसमसला मी येत नाहीये. योनासच्या घरी जाणार आहे, समुद्राकडे. त्याच्या आईने बोलावलंय."

योनास कोण हे श्रीपादला माहीत नव्हतं. नाव त्याने पहिल्यांदाच ऐकलं. ज्या तऱ्हेने तिने ते घेतलं त्यावरून विचारायची गरजही उरली नाही.

"बरं," तो म्हणाला. "थंडी असेल तिथे. जाकीट ने."

मीठ संपलं. मान आणि एक कूस कोरडीच राहिली. दोघांनी कातडं घडी करून परत पिशवीत घातलं. इराने हातमोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि साडीला काही लागलं का ते दिव्याखाली वळून वळून पाहिलं. काही लागलं नव्हतं. तू वर येतोस ना, तिने विचारलं. आता निघतो, तो म्हणाला. तिने आग्रह केला नाही. गाडी वळवताना त्याला आरशात ती दिसली, निऱ्या सावरत जिना चढणारी. मग दार बंद झालं.

पुढे मंगळवारची सुट्टी जोडून लोक बाहेर पडले होते. कार्ल्सरुहच्या अलीकडे लांबच लांब श्टाऊ, गाड्यांचा खोळंबा, लागला. पुढच्या-मागच्या गाड्यांत माणसं खात होती, भांडत होती, मुलांना झोपवत होती. श्रीपाद स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मिठाने हातांची आग होत होती.

घरी पोचून केलरमध्ये, तळघरातल्या आपल्या कोठडीत, त्याने कातडं उलगडलं, स्वयंपाकघरातलं होतं नव्हतं ते मीठ आणून मानेवर चोळलं. पण मानेवरून हात फिरवला तशी केसांची मूठच्या मूठ निघून हातात आली. खाली गोरी, ओली कातडी. तो पायरीवर बसला आणि तिथे पहिल्यांदा रडला. हरणासाठी की कशासाठी ते त्यालाही कळलं नाही. शेजारच्या कोठडीत कोणीतरी सायकल ठेवायला आलं तेव्हा तो उठला, तोंड पुसलं आणि "आबेंड", शुभ संध्याकाळ, म्हणाला.

सोमवारी दुकानं उघडल्या उघडल्या त्याने मिठाची मोठी गोण आणली. आठवडाअखेर तो कातडं श्वेबिश आल्ब डोंगरांतल्या एका कमावणाऱ्याकडे घेऊन गेला. कमावणाऱ्याने बोटाने केस ओढून पाहिले आणि मान हलवली. केसांसकट नाही ठेवता येणार. सगळेच काढून मऊ चामडं करून देतो, नाहीतर टाकून द्या. श्रीपाद म्हणाला, करून द्या.

ख्रिसमसला ऊवेने जेवायला बोलावलं होतं. तो गेला, लवकर परतला. इराने समुद्राचा फोटो पाठवला. त्यात ती एका उंच मुलाच्या खांद्याला टेकून उभी होती, जाकीट घातलेलं होतं. जानेवारीत ऊवेने मचाणावर जायला बोलावलं तेव्हा श्रीपादने पाठ दुखते म्हणून सांगितलं. पुन्हा बोलावलं तेव्हा तो गेला, पण बंदूक न घेता, नुसती दुर्बीण घेऊन.

मार्चमध्ये चामडं आलं. फिकट मधाच्या रंगाचं, इतकं मऊ की ते कुठल्या जनावराचं हे कोणाला ओळखता आलं नसतं. फक्त फासळ्यांपाशी गोळीचं भोक होतं, ते कमावणाऱ्याने तसंच ठेवलं होतं. श्रीपादने ते भिंतीवर लावून पाहिलं, सोफ्यावर टाकून पाहिलं. कुठेच शोभेना. शेवटी बैठकीच्या खोलीत जमिनीवर अंथरलं. बरेच दिवस तो त्याला वळसा घालूनच ये-जा करायचा.

जूनमध्ये पेंटेकोस्टच्या सणाच्या सुट्टीला इरा दोन दिवस आली, एकटीच. चामड्याबद्दल तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीपाद चहा घेऊन आला तेव्हा ती त्यावर पालथी पडून फोनवर कोणाशी तरी बोलत होती, हळू, हसून, जर्मनमध्ये. बोलता बोलता तिचं बोट त्या भोकाच्या कडेवरून फिरत होतं. तो दाराशीच थांबला. आत गेलो तर ती उठून बसेल असं त्याला वाटलं. तिचा चहा त्याने स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, झाकला.

संध्याकाळी त्याने तिला स्टेशनवर सोडलं. डब्याच्या दारात ती म्हणाली, पुढच्या वेळी योनासला आणू का? आण की, तो म्हणाला. गाडी गेली. घरी येऊन त्याने दार लावलं, दिवा लावला आणि चहाचे दोन कप विसळायला घेतले. एक भरलेलाच होता.