सरासरीची तीन चिन्हं

मी उर्दू शाळेत शिकले. उजवीकडून डावीकडं वाचणं हाडात मुरलंय, आणि या नोकरीसाठी शिकलेली, एका चिन्हात एक क्रिया मांडणारी संगणकाची भाषाही उजवीकडूनच चालते, म्हणून मी जरा हवेतच होते. भूममध्ये घरी बसून करता येईल अशी ही एकच नोकरी सापडली होती आणि ती मला हवीच होती. नाहीतर पुण्यात जाऊन खोली शोधा.

मुलाखत ऑनलाइन होती. राजशेखर सरांनी पाच, सहा, सहा, सात अशी यादी दिली आणि सरासरी काढायला सांगितली. मी पाठ केलेली तीन चिन्हं जोडून ठोकली: बेरीज, भागाकार, मोजणी. उत्तर आलं सहा.

"बरोबर. पण का आलं? उजवीकडून वाचा बघू," सर म्हणाले.

मी वाचलं. मोजणी चार. भागाकाराला डावीकडं आकडा नसला की तो एकालाच भागतो: एक भागिले चार, पाव. एकट्या पावाची बेरीज पावच. मग सहा कुठून आले? स्वतःच्या घोकंपट्टीचा असा संताप आला, की वाटलं लॅपटॉप मिटून टाकावा.

खिडकीपलीकडंच अब्बूंचं दूध संकलन केंद्र आहे. गिरिजाबाई दूध घेऊन आल्या होत्या. अब्बूंनी कॅन काट्यावर ठेवला आणि त्यातलंच थोडं दूध फॅटच्या मशीनला लावलं. इकडं वजन, तिकडं फॅट. दोन्ही आकडे मधल्या संगणकात गेले आणि त्यानं गुणाकार केला.

मी पुन्हा पडद्यावरच्या तीन चिन्हांकडं वळले.

"सर, दूध एकच असतं," मी जवळजवळ ओरडले. "म्हणजे यादी एकच. ती बेरजेकडंही जाते, मोजणीकडंही जाते. भागाकार मधी बसून दोघांची उत्तरं घेतो. तिन्ही जोडून एकच काम झालंय."

सर काहीतरी म्हणाले. मी ऐकलं नाही. त्याच यादीवर मी नवी तीन चिन्हं ठोकली. सगळ्यात मोठा, वजाबाकी, सगळ्यात लहान: उत्तर दोन. त्याला दुप्पट करणारं चिन्ह जोडलं: चार. काहीही कशालाही जोडता येत होतं. मी हसत हसत पुढचं चिन्ह शोधत होते.

"सर, आता हे बघा."

खिडकीत अब्बू येऊन उभे राहिले होते.

"हानी बेटी, सायेब तुला कामावर घेतलं म्हणायलेत. दोनदा सांगितलं त्यांनी. व्हय म्हण की."

"थांबा अब्बू," मी म्हणाले, "एक जोडायचं राहिलंय."