बसायची खूण

“घोडी बसली की पिक्चर संपला,” दिग्दर्शक म्हणाला. “कळलं ना, मास्तर?”

मास्तरांनी मान हलवली. तबेल्यातले घोडे शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

सेटवर शयनगृह उभं केलं होतं. पलंग, आरसा, जाड गालिचा आणि मधोमध पांढरी घोडी. पिक्चरमधल्या बाईने सख्ख्या बहिणीला जिन्यावरून ढकललेलं असतं. ती खोटं बोलली की खोलीत घोडी दिसते, फक्त तिलाच. शेवटी बाई कबुली देते आणि घोडी खाली बसते.

“घोडी म्हणजे तिचं मन,” दिग्दर्शक सांगत होता. “ओझं उतरलं की मन टेकतं.”

“मनाला केवढी शेपटी,” दिवेवाला पुटपुटला. चारदोन जण हसले.

मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. घोडीचे मागचे सांधे आखडले होते आणि ते त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ती झोपतसुद्धा होती ती उभ्यानेच. उठायची ताकद उरली नाही हे म्हाताऱ्या जनावराला आपलं आपण कळतं, आणि ते बसायचं टाळतं. पण खूण केली असती तर ही बसली असती. मास्तरांचं तिने कधी मोडलं नव्हतं.

समोर खुर्चीवर तबेल्याचे मालक बसले होते. मागच्या वर्षी लंगडणारा तपकिरी घोडा त्यांनी गाडीत चढवला, तेव्हा संध्याकाळी त्याचं दावं तेवढं परत आलं होतं.

“करा खूण,” दिग्दर्शक म्हणाला.

खूण सोपी होती: डाव्या खांद्यामागे दोन बोटं टेकवायची. घोडी मान वळवून त्यांच्या हाताची वाट बघत होती. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

“काय आठवत नाही?” मालकांनी विचारलं.

“खूण. डोक्यातून गेली.”

“अहो, तुम्हीच शिकवली ना? तबेल्यात सगळ्यात आधी हीच बसायची.”

“वय झालं मालक. माझं.”

कोणी हसलं नाही. मालक उठून जवळ आले.

“घोडी ठीक आहे ना?”

“घोडीला काय झालंय? तिला सांगणाराच बिघडला.”

मालक क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. “मग उद्यापासून तू खरारा कर नि पाणी दाखव. शिकवायला मी दुसरा माणूस बघतो.”

एकतीस वर्षांत मालकांनी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं.

“बरं,” मास्तर म्हणाले.

दिग्दर्शकाने घोडीपासून दारापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाला, “बसत नसेल तर जाऊ दे तिला. दारातून बाहेर. तुम्ही पलीकडून बोलवा. ते तरी जमेल?”

मास्तर दाराबाहेर जाऊन उभे राहिले. आत बाईने कबुली दिली. मास्तरांनी जिभेने हलकं टक् केलं. घोडी निघाली, एक पाय, मग विचार केल्यासारखा दुसरा. दारापर्यंत पोचायला तिला खूप वेळ लागला. मालक घड्याळ बघू लागले, पण दिग्दर्शकाने हात वर करून सगळ्यांना थांबवून धरलं होतं.

ती बाहेर आली. तिच्या पाठीवरून मास्तरांनी आत पाहिलं. गालिच्यात खुरांचे खळगे उमटले होते, आणि त्यांतले दबलेले धागे एकेक करून वर येत होते.