राजमुकुटाचं अस्तर

गडमुडशिंगीच्या देवळासमोर भरदुपारी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पाटावर बसलेल्या भैरवबुवांच्या मांडीवर मुकुट झळकत होता.

"साडेचारशे वर्षांचा राजमुकुट! खोटं बोलणाऱ्याचं टाळकं भाजून काढतो!" बुवा गरजले. "कोर्टाला तारखा लागतात पावणं, मुकुटाला नुसतं तीर्थ!"

देवीचा चांदीचा हार चोरीला गेला होता आणि आळ होता देऊळ झाडणाऱ्या रक्षितावर. आधी पुजारी आणि दोन पंच यांची परीक्षा झाली. डोक्यावर मुकुट, वर पळीभर तीर्थाचा शिंतोडा. तिघेही हसत उठले. आता रक्षिताची पाळी.

"भाजलं तर उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाय," तिच्या सासूनं बजावलं.

गर्दीत उभ्या तानाबाईनं मुकुट ओळखला. सोंगी भजनातल्या देवांचे, राजांचे मुकुट करण्यात तिची तीस वर्षं गेली होती. हा मुकुट तिनंच आठ वर्षांपूर्वी गारगोटीच्या भजनी मंडळासाठी पुठ्ठा कापून केला होता. निळे मणी संपले म्हणून एका बाजूला हिरवे ओवलेले तिला स्पष्ट दिसले. पण बोलायचं कसं? खवळलेली माणसं आपल्यालाच तुडवतील.

तेवढ्यात बुवांनी पळी ठेवली आणि भरलेला तांब्या उचलला.

"थांबा!" तानाबाई पुढं घुसली. "आधी माझी परीक्षा घ्या."

"तुझ्यावर आळ न्हाय, बाई."

"खऱ्याला भाजत न्हाय म्हणालासा की! मग भ्या कशाचं?"

"घालू दे की, बुवा," सरपंच उदयसिंह म्हणाला.

मुकुट हातात येताच ती चपापली. तिचे मुकुट फुलासारखे हलके असत, हा जड होता. अस्तर दुहेरी, टाकाही परका. पदराची जाड घडी डोक्यावर घेऊन तिनं मुकुट चढवला आणि बुवांच्या हातातला तांब्या हिसकावला.

"माझं नाव तानाबाई. ह्यात खोटं काय हाय?"

तिनं पाणी ओतलं. काहीच झालं नाही. मग कपाळाला चटका बसला, मुकुटातून वाफ निघाली. तिनं तो भिरकावला.

"खोटारडी!" बुवा ओरडले.

"माझं नाव खोटं हाय व्हय? गावाला इचारा!"

उदयसिंहानं कात्री मागवून अस्तर उसवलं. आतून पांढरा, वाफाळता लगदा ओघळला.

"अगं बया, ही तर चुन्याची कळी!" म्हातारी बयाबाई किंचाळली. "भिजवली की रटरटतीया. शिंतोड्यानं अस्तर भिजत न्हाय, तांब्यानं आतपातूर पाणी जातंय!"

बुवा गाडीकडे पळाले, पण माणसांनी वाट अडवली. उदयसिंहानं पोलिसांना फोन लावला. रक्षिता रडत रडत तानाबाईच्या कपाळावर गार पाणी ओतत होती. सासू मान खाली घालून घागर धरून उभी होती.

"हार कुणी नेला, मला ठावं न्हाय," तानाबाई गर्दीला म्हणाली. "पर मी कापलेल्या पुठ्ठ्याला तरी ते कसं कळंल? पुरावा शोधा. आन् तो गावंस्तवर कुणाच्या पोरीच्या डोक्यावर काय बी ठेवू नका."