डाव्या खांबाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. माणसांना वरच्या मजल्यावर नेणारी नव्हे, गाड्या उचलणारी. दोन उंच खांब, चार लोखंडी हात आणि हातांच्या टोकांना रबरी गाद्या, एवढाच माझा संसार. गेले काही महिने मी पायसांदू गावातल्या एका वर्कशॉपच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली विक्रीसाठी उभी आहे. माझ्या अंगावर नवा निळा रंग आहे. त्या रंगाखाली काय आहे, ते आज तुम्हांला सांगते.

माझा जन्म सीमेपलीकडे, ब्राझीलमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकवर आडवी पडून मी नदीकाठच्या ह्या गावात आले. वर्कशॉपचा मालक दार्दो तेव्हा तरुण होता. मला काँक्रीटमध्ये घट्ट बसवल्यावर त्याने पहिली गाडी उचलली आणि माझ्या खांबावर थाप मारून म्हणाला, "हिच्याखाली मी माझ्या आईला खुर्ची टाकून बसवीन!" ते ऐकून मी फुलून गेले.

त्याचा हा विश्वास खटक्यांमुळे होता. माझ्या प्रत्येक खांबात एक लोखंडी खटका आहे. गाडी वर जाताना तो दात्यांच्या पट्टीवर खट्‌ खट्‌ करत चढतो. उद्या गाडी उचलून धरणाऱ्या तेलाचा दाब गेला, तरी खटका दात्यात अडकून गाडी जागच्या जागी धरून ठेवतो. मात्र खाली आणताना गाडी आधी बोटभर वर उचलावी लागते, तेव्हा कुठे खटका सुटतो. त्यात अर्धे मिनिट जाते.

बारा-तेरा वर्षे मी इमानाने राबले. मग वर्कशॉपमध्ये गर्दी वाढली आणि दार्दोला ते अर्धे मिनिट खुपू लागले. एका सकाळी तो शिडीवर चढला आणि त्याने माझ्या डाव्या खांबातला खटका तारेने मागे बांधून टाकला. दुपारी उजवाही बांधला. आता गाड्या झरझर खाली येऊ लागल्या. गिऱ्हाइके खूश झाली. मी मात्र त्या दिवसापासून केवळ तेलाच्या जोरावर उभी होते.

दार्दोकडे लिदियो नावाचा कारागीर होता. चाळिशीचा, कमी बोलणारा. डाव्या खांबाच्या तळाशी तेल ठिबकते, हे आधी त्यानेच पाहिले. त्याने खाली पुठ्ठा ठेवला आणि रोज संध्याकाळी तो तेलकट पुठ्ठा दार्दोला नेऊन दाखवू लागला.

"बघू रे उद्या," दार्दो म्हणायचा. "तुझी बायको तरी एवढी तक्रार करते का?"

तो उद्या कधी उजाडलाच नाही. एका मंगळवारी दुपारी माझ्यावर मालवाहू गाडी होती आणि लिदियो तिच्याखाली. माझ्या आतले, तेल अडवणारे रबरी सील फाटले. तेल भस्सकन बाहेर आले आणि गाडी खाली बसू लागली. मला तिला धरायचे होते. पण धरू कशाने? माझे दोन्ही खटके बांधलेले होते. लिदियोने बाहेर उडी घेतली, पण त्याचा उजवा पाय आत राहिला.

ह्यापुढचे सांगायला मला जड जाते. दार्दो धावत आला. लिदियो ओरडत होता. दार्दोचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने शिडी ओढली, वर चढला आणि आधी पक्कडीने माझ्या तारा कापल्या. मग त्याने फोन केला.

लिदियोचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गावात बोलले गेले, की लिदियो जेवताना पिऊन आला होता, गाडीखाली गाद्या वाकड्या लावल्या, म्हणून गाडी घसरली. हे बोलणारा पहिला माणूस दार्दो होता, पण शेवटचा नव्हता. खरे काय ते मला माहीत होते. मला वाटायचे, की दार्दो सोडला तर ते फक्त मलाच माहीत आहे.

दार्दोने मला उपटून अंगणातल्या काँक्रीटवर बोल्टांनी बसवले, नवे सील घातले, रंग दिला. आणि मग एक दिवस एल्बियो फागुंदेस मला बघायला आला.

एल्बियो कातड्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. घरामागच्या गॅरेजात तो शेजाऱ्यांच्या जुन्या गाड्या दुरुस्त करायचा, जमिनीवर पाठ टेकून, जॅकच्या भरवशावर. त्याची बायको सुल्मा हिने त्याला बजावले होते, "एक तर लिफ्ट आण, नाहीतर गॅरेजला कुलूप घाल. सकाळी तुला उठवून बसवताना माझी कंबर मोडते!"

माणूस मोठा काटेकोर होता. छताची उंची मोजून आला होता, फरशीचा एक कोपरा फोडून काँक्रीटची जाडी पाहून आला होता. चार खांबांची लिफ्ट घ्यावी, तर भिंतीकडचे कामाचे टेबल हलवावे लागले असते, आणि चाकांच्या कामाला ती गैरसोयीची. म्हणून त्याला दोन खांबांचीच हवी होती. दार्दोने एक मोटारगाडी आणून मला चालवून दाखवली. मोटार वर गेली. उजवा खटका खट्‌ खट्‌ वाजला. डाव्याला पट्टीवर दाबणारी स्प्रिंग इतकी वर्षे ताणून मेली होती, तो गप्प राहिला. एल्बियोने एका बाजूचा आवाज ऐकला आणि समाधानाने मान हलवली. "अरे, कान दे नीट!" असे मला ओरडावेसे वाटत होते. लोखंडाला ओरडता कुठे येते?

सुल्मा मात्र माझ्याभोवती फिरली, रंगाचा वास घेतला आणि म्हणाली, "लिदियो हिच्याचखाली सापडला ना?"

"हो. पण चूक त्याची होती," दार्दो म्हणाला.

"हे सगळ्या गावाला माहीत आहे गं," एल्बियो म्हणाला.

"गाव हिच्याखाली उभं राहणार नाही. तू राहणार आहेस," सुल्मा म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

शनिवारी सकाळी एल्बियो माझा सौदा ठरवायला आला. दार्दोने माते नावाच्या इथल्या कडू चहाचा पेला भरून त्याच्यापुढे ठेवला होता. तेवढ्यात सुल्मा फाटकातून आत आली. तिच्या मागे काठी टेकत, नकली पाय टाकत लिदियो येत होता.

"अरे लिदियो!" दार्दो उसन्या उत्साहाने म्हणाला. "बरा दिसतोस की!"

"बरा आहे की मेलोय, ते बघायला तू आला होतास कधी?"

लिदियो माझ्याजवळ आला नाही. लिंबाच्या सावलीबाहेरच थांबला. "एल्बियोकाका," तो म्हणाला, "डाव्या खांबाचं झाकण काढा. खटक्याच्या दांड्यावरचा रंग खरवडा आणि बोट फिरवून बघा."

एल्बियोने झाकण काढले. किल्लीने रंग खरवडला. त्याचे बोट दांड्यावरून फिरता फिरता थांबले. तिथे तारेने घासून पडलेली खाच होती, दांड्याला गोल वेढून गेलेली.

"ती बांधून आणल्याची असेल," दार्दो म्हणाला. "ट्रकवरून आणताना…"

"एका प्रवासात लोखंडाला एवढी खाच पडते? कुणाला शिकवतोस, दार्दो?" एल्बियो म्हणाला.

दार्दोने हातातली किटली खाली ठेवली. "दिवसाला अकरा अकरा गाड्या होत्या! प्रत्येक जण घाई करायचा. असं होईल असं मला वाटलं नव्हतं रे."

"आणि पक्कड?" लिदियो हळू आवाजात म्हणाला. "मी खाली पडलो होतो, दार्दो. तू मला हात द्यायला येशील असं वाटलं. तर डोक्यावर पक्कडीचा आवाज आला. कट. परत कट."

म्हणजे हे ओझे मी एकटीने वाहिले नव्हते.

"मग तू बोलला का नाहीस?" एल्बियोने विचारले.

"बोललो. दवाखान्यात येईल त्याला सांगत होतो. तुम्ही आला होतात काका, संत्री घेऊन. माझा हात थोपटलात आणि म्हणालात, आता तरी दारू सोड."

एल्बियोने टोपी काढली. "माझं चुकलं, लिदियो."

"इथं नको. जिथं बसून माझं नाव घेतलंत, तिथं जाऊन म्हणा."

एल्बियोने मान डोलावली आणि चहाचा पेला तसाच भरलेला सोडला. तिघे फाटकाबाहेर पडले. दार्दो एका पालथ्या डब्यावर बसून राहिला. तो रडत होता का, ते मला दिसले नाही. त्याची पाठ माझ्याकडे होती.

पुढचे मला काल कळले. दार्दोने मला आता भंगारात विकले आहे; भंगारवाला माझे माप घ्यायला आला होता, तो सांगत होता, की त्याच दुपारी एल्बियो चौकातल्या बारमध्ये उभा राहिला आणि भरल्या बाकांसमोर त्याने सगळे सांगितले. दोघे जण उठून गेले, बाकीच्यांनी माना खाली घातल्या. एल्बियो आता दुसऱ्या गावी लिफ्ट बघायला जाणार आहे आणि लिदियोने सोबत यावे म्हणून दोनदा त्याच्या घरी जाऊन आला आहे. लिदियोने अजून हो म्हटलेले नाही.

सोमवारी मला कापतील. मला त्याचे वाईट वाटत नाही. मित्रांनो, माझ्यासारखी दुसरी एखादी तुमच्या घरी आली, तर तिला वेळच्या वेळी तेल द्या, तिचे सील बदला, तिची कुरकुर ऐका. आणि कधी काही कोसळलेच, तर जमिनीवर पडलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा त्या यंत्राचे झाकण उघडून बघा. यंत्राला खोटे बोलता येत नाही. फक्त त्याला कुणीतरी विचारावे लागते.