बंद हॉलमधला मारवा

वृंदा गोरे अकरा वर्षांची होती तेव्हापासून वडिलांच्या मागे बसून व्हायोलिन वाजवत होती. अण्णा, म्हणजे दिनानाथ गोरे, ख्याल गायचे. त्यांच्या गळ्यातून निघालेली जागा अर्ध्या श्वासाने उशिरा तारेवर उमटवायची, एवढंच तिचं काम. साथीदाराने आपण होऊन काही वाजवणं त्यांना आगाऊपणा वाटे. सत्त्याऐंशी साली ती एकोणतीस वर्षांची झाली होती. आई जाऊन सात वर्षं झाली होती आणि बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या दोन खोल्यांत बापलेक राहत होते. तीन स्थळं येऊन गेली. लग्नानंतरही मुलगी माझ्या साथीला येईल, असं अण्णा पहिल्याच भेटीत सांगत, आणि ते लोक पुन्हा फिरकत नसत. वृंदाला याचा राग यायचा, पण तो कुठे ठेवायचा ते तिला कळायचं नाही.

त्या वर्षी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या ऑफिसर्स क्लबात संक्रांतीनिमित्त अण्णांचं गाणं ठरलं. संध्याकाळी सहाची वेळ, म्हणून मारवा. स्टेजच्या एका कोपऱ्यात जुना पियानो होता, इंग्रज मॅनेजरांच्या काळातला. तो हलवायला जड, म्हणून अण्णांनी त्याच्याकडे पाठ करून बैठक घातली. त्या पियानोचा एकच वाली होता. श्यामकांत नावाचा, प्रयोगशाळेत काम करणारा चाळिशीचा केमिस्ट. कंपनीने त्याला वर्षभर जर्मनीला पाठवलं होतं. तिथे त्याने पियानोच्या पोटात हात घालून वाजवणारी माणसं पाहिली आणि परत आल्यावर तोही तारांमध्ये रबराचे तुकडे, बुचं, नटबोल्ट अडकवून वाजवायला लागला. कॉलनीत त्याची टिंगल व्हायची. क्लबच्या सेक्रेटरींनी त्याला फक्त गुरुवारची दुपार दिली होती, पत्त्यांचा अड्डा नसायचा तेव्हाची. त्या संध्याकाळी तो पहिल्या रांगेत बसून, अण्णांकडे नाही, वृंदाच्या बोटांकडे बघत होता. तिला ते जाणवलं आणि अवघडल्यासारखं झालं.

विलंबित जेमतेम वीस मिनिटं झालं असेल. आधी वास आला. ब्लीचिंग पावडरीसारखा, पण नाकात सुई टोचावी तसा. मग नाल्यापलीकडच्या दुसऱ्या कारखान्याचा भोंगा वाजला आणि थांबेचना. वॉचमन धावत आत आला. तिथल्या गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह गेलाय, वारा इकडचाच आहे, सगळं बंद करा आणि कोणी बाहेर पडू नका, असा निरोप त्याने दिला. दोनच वर्षांपूर्वी भोपाळ झालं होतं. हॉलमधल्या साठ माणसांपैकी एकानेही ते नाव घेतलं नाही. पंखे बंद झाले. टेबलांवरच्या चादरी, पडदे, बायकांच्या शाली पाण्यात बुडवून दारंखिडक्यांच्या फटींत कोंबल्या गेल्या. हवा जड झाली. मुलं रडू लागली, कुणी मोठ्याने रामरक्षा म्हणू लागलं.

तेवढ्यात कँटीनमधला गोमा दाराकडे गेला. त्याची बायको आणि दोन मुली कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, नाल्याकाठच्या झोपड्यांत होत्या. मला जाऊ द्या, एवढंच तो म्हणत होता. दार उघडलं तर आतले सगळे मरतील, असं ऑफिसर मंडळी त्याला समजावत होती. दोघांनी त्याचे दंड धरले होते. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, आणि आवाज असा चढत होता की आता कोणीतरी कोणालातरी मारणार हे वृंदाला दिसत होतं.

अण्णांनी गाऊन बघितलं. पहिल्याच सुराला खोकला आला, दुसऱ्यांदा आवाजच फुटला नाही. त्यांनी ओला रुमाल तोंडावर धरला आणि व्हायोलिन पेटीत ठेवायची तिला खूण केली.

तेव्हा मागून एक खोल सूर आला. श्यामकांत पियानोवर जाऊन बसला होता. त्याने एकच खालची पट्टी दाबली, ती विरेपर्यंत थांबला, पुन्हा दाबली. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी ती संथ लय होती. मग तो वृंदाकडे वळून हळूच म्हणाला, "तुम्ही सुरू करा. मी मागून येतो."

आजवर तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. तिने गज तारेवर ठेवला.

पहिलीच अडचण अशी की तिच्या षड्जाला पियानोची एकही पट्टी जुळेना. पियानो वर्षानुवर्षं उतरत गेलेला, आणि तार पुन्हा लावायला वेळ नव्हता. तिने षड्ज सोडून दिला. मारव्यात तो तसाही लांबच ठेवतात. कोमल रिषभावर ती थांबली, तिथून धैवताकडे मींड घेतली, आणि पियानोचे सूर जिथे तिच्याशी भांडत होते तिथेच मुद्दाम रेंगाळली. श्यामकांतने ते भांडण मिटवलं नाही. त्याने एक हात आत घातला आणि तारा बोटांनी दाबून धरल्या, तेव्हा पट्ट्यांतून सूर न येता लाकडावर टिचकी मारल्यासारखे ठोके यायला लागले. काही पट्ट्या मुळातच मुक्या होत्या. तो त्याही वाजवत होता आणि त्या गप्प जागा ती भरत होती. पुढे कोण आणि मागे कोण हे थोड्या वेळाने दोघांनाही सांगता आलं नसतं. राग कधी मोडला हेही तिला कळलं नाही. तिचा हात अशा ठिकाणी जात होता जिथे जायला तिला अठरा वर्षं मनाई होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते वासाने तर सगळ्यांच्याच वाहत होतं.

हॉल हळूहळू शांत झाला. मुलं आयांच्या मांडीवर निजली. दंड धरणाऱ्यांचे हात सैल पडले आणि गोमा दाराला पाठ लावून खाली बसला.

दीड तासाने धोका टळल्याचा निरोप आला. दारं उघडली. लोकांनी दोघांना गराडा घातला. तुमच्यामुळे माणसं शांत राहिली, असं सेक्रेटरी पुन्हा पुन्हा सांगत होते. गोमा तोवर भिंतीपलीकडे पळाला होता. घरी जाताना अण्णा रिक्षात एकच वाक्य बोलले, "षड्ज टाळलास ते बरोबर केलंस." हे कौतुक होतं की विषयाचा समारोप, ते तिला समजलं नाही.

चौथ्या दिवशी तिने पेपरात वाचलं की नाल्याकाठची एकवीस माणसं उल्हासनगरच्या दवाखान्यात आहेत. ती एकटीच गेली. गोमाची बायको येसू खाटेवर बसून होती. तिचे डोळे पट्टीखाली होते आणि प्रत्येक श्वासाला छातीतून शीळ वाजत होती. मुली धडधाकट होत्या. भोंगा ऐकून येसूने त्यांना शेजारणीबरोबर टेकडीकडे पिटाळलं आणि स्वतः नवऱ्याची वाट बघत थांबली, हे खाटेशेजारी उभ्या असलेल्या गोमानेच सांगितलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"बाई, तुमी वाजवीत व्हत्या म्हनून मी बसलो," तो म्हणाला. "न्हायतर दार तोडला असता."

दार तुटलं असतं तर आतली मुलं गेली असती, हे वृंदाला माहीत होतं, आणि त्यालाही. तिने आणलेली मोसंबी सोलून येसूच्या हातात एकेक फोड ठेवली. पुढचे दोन महिने ती दर आठवड्याला जात राहिली. येसूचा एक डोळा वाचला.

सव्वीस जानेवारीला पुन्हा तसंच काही वाजवा, असं क्लबने कळवलं तेव्हा तिने नाही म्हटलं. श्यामकांतही नाहीच म्हणाला होता. पण फेब्रुवारीत एका गुरुवारी ती आपणहून क्लबात गेली. गोमाने काय म्हटलं ते तिने सांगितलं. श्यामकांतने पियानोचं उघडलेलं झाकण पुन्हा खाली लावलं. मग त्याने विचारलं, वाजवणं सोडायचं का? ती म्हणाली, "नाही. पण आता कोणाला शांत करण्यासाठी वाजवायचं नाही."

त्या दुपारी ते पाऊण तास वाजवत बसले. संक्रांतीच्या दिवसासारखं जमलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही.

मार्चमध्ये कल्याणला अण्णांचं गाणं होतं. यापुढे घरी रियाजाला बसेन, स्टेजवर मागे बसणार नाही, असं तिने सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. गाणं रद्द केल्याचं पत्र लिहून तिच्याच हाती पोस्टात टाकायला दिलं, आणि त्यानंतर कुठलंही आमंत्रण घेतलं नाही. पहाटे तानपुरा लावून ते बसत. ती मागे बसे. ते गात, ती अर्ध्या श्वासाने उशिरा वाजवी. दर गुरुवारी दुपारी ते झोपले की ती दार लोटून, एका हातात चप्पल आणि दुसऱ्या हातात व्हायोलिनची पेटी घेऊन जिना उतरे आणि क्लबाकडे निघे.