सिवर्टने रचलेली लाकडं

आमच्या खोऱ्यात बियर करायला घेतली की कुणाला निरोप धाडावा लागत नाही. चुलघराच्या धुराड्यातून धूर निघाला की तो पलीकडच्या चढावरच्या शेतांपर्यंत दिसतो, आणि माणसं आपापला लाकडी वाडगा कोटाच्या खिशात घालून चालू लागतात. कुणी चुलीत लाकडं सारतं, कुणी ज्युनिपरच्या झुडपाच्या सुवासिक फांद्या हंड्यातल्या पाण्यात दाबून बसवतं, बाकीचे बाकावर बसून चुका काढतात. ज्याच्या घरी धुराविना बियर होते, त्याला आमच्याकडे एकच नाव आहे: एकटा पिणारा. ते नाव एकदा चिकटलं की नाताळात त्याच्या दाराशी कुणी फिरकत नाही. अशी दोन घरं मी पाहिलेली आहेत.

आणि माझ्या नवऱ्याने, आनफिनने, मोठ्या हौसेने बियर करायचं विजेचं यंत्र आणलं.

चकचकीत स्टीलचं, पडदा आणि बटणं असलेलं. ते त्याने गॅरेजमध्ये बसवलं आणि गावच्या दुकानात जाऊन सगळ्यांना ऐकवलं की आता धूर नाही, राखण नाही, सकाळी बटण दाबायचं आणि संध्याकाळी हात पुसायचे. आमच्या शेताला लागूनच सिवर्टचं शेत. माझे सासरे असल्यापासून आमच्या धुरावर पहिला येणारा तोच. तो तिथे दुकानात उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "मग मी काय करू?" सगळे हसले. आनफिन हसला, मीही हसले. तेव्हा हसायला नको होतं, हे आता कळून काय उपयोग!

पहिली बियर बिघडली. बियर फसफसवायचं आमच्याकडचं विरजण, म्हणजे यीस्ट, आनफिनच्या आजीपासून चालत आलेलं, त्याला धारोष्ण दुधाइतकी ऊब लागते. जवाचा उकळता रस तेवढा निवला की नाही हे बोट बुडवून ठरवायचं, बस. यंत्राच्या पुस्तकात मात्र अगदी गार करा असं लिहिलेलं. आनफिनने बोट खिशात ठेवलं आणि पडद्यावर विश्वास टाकला. विरजण रुसून तळाशी बसलं आणि जे तयार झालं ते भांडी विसळलेल्या पाण्यासारखं लागत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसा तो आधी जवाला दोष देत बसला, मग पाण्याला. पुन्हा केली, पुन्हा तेच. मी म्हटलं, अरे, सिवर्टला बोलाव, त्याला विचार. तर म्हणे एवढ्या बढाया मारून आता कुठल्या तोंडाने बोलावू. एकदा चांगली जमली की बोलावतो. तोवर गॅरेजचं दार ओढून घ्यायचं.

शेवटी सिवर्टनेच कुंपणाशी गाठलं. यंदा धूर नाही, यंत्राच्या बियरचंही काही ऐकलं नाही, असं तो सहजच म्हणाला. आनफिनचा हात आपोआप कमरेवर गेला.

"पाठ धरलीय रे. यंत्र परत पाठवलं. यंदा काही जमेलसं वाटत नाही."

मी शेजारीच दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. मला राग आला, पण तोंड उघडलं नाही. नवऱ्याची लाज झाकताना बायकोची जीभ कशी गप्प बसते, बघा.

त्यानंतर घरात तमाशा सुरू झाला. सिवर्ट दिसला की माझा धडधाकट नवरा वाकून चालायचा आणि तो वळणाआड गेला की ताठ व्हायचा. मला हसू यायचं आणि चीडही. पण हे हसणं फार दिवस टिकलं नाही, कारण चुलघराच्या दाराशी लाकडं दिसायला लागली. नीट फोडलेली, भिंतीला लावून रचलेली. सिवर्टचा एक गुडघा कामातून गेलेला आहे, तरी तो ढकलगाडीवर लाकडं घालून चढ चढून यायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, तयार असली की आनफिनला वाकायला नको, नाताळला वाटलं तर पेटवता येतील. मी त्याला कॉफी दिली. दुसरं काय देणार होते?

बर्फ पडायला लागलं त्या दिवशी तो ज्युनिपरच्या फांद्या घेऊन आला. भिजू नयेत म्हणून त्याने गॅरेजचं दार वर केलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. आत यंत्राचा दिवा जळत होता आणि आनफिन भरलेला पिंप दोन्ही हातांनी उचलून उभा होता, पाठ काठीसारखी सरळ. सिवर्टने फांद्या खाली ठेवल्या आणि आवाज होऊ नये अशा बेताने दार खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. लाकडं घेऊनच आला आणि नेहमीसारखी रचून गेला. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आनफिनने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं." माझ्याही वाट्याची शिवी बाकी होती.

रविवारी सकाळी आनफिन उठला, सिवर्टची लाकडं आत घेतली आणि तांब्याच्या हंड्याखाली जाळ केला. हंड्यात नुसतं पाणी. मी म्हटलं, घरात माल्ट नाही, मोड आणून वाळवलेला मूठभर जवही नाही, काय करतोयस? म्हणाला, आधी माणसं येऊ देत. धूर वर चढला.

माणसं आली. सिवर्टची बायको मार्ता आली, वरच्या शेतातले आले, वाडगे काढून बाकावर बसले. सिवर्ट लंगडत सगळ्यांच्या मागून आला. आनफिनने गॅरेजमधला पिंप आणून मध्ये ठेवला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात सिवर्टच बोलला.

"आनफिन, पाठ कशी आहे आता?"

त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला मी. नव्हता. चारचौघांत त्याने आम्हाला पळवाट काढून दिली होती. आनफिनने नुसतं "बरी आहे" म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"पाठ कधी दुखलीच नव्हती," आनफिन म्हणाला. "यंत्र गॅरेजमध्येच आहे. बियर दरवेळी बिघडली आणि मी ती दार लावून लपवली."

"आणि मला माहीत होतं," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. सिवर्टने वाडगा पुढे केला आणि ओत म्हणाला. आनफिनने ओतली. सिवर्टने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, तोंड पुसलं.

"वाईट आहे," तो म्हणाला. "फारच वाईट आहे."

मग वाडगा भरून घेऊन त्याने मार्ताकडे दिला, तिने पुढे. बाकावरच्या प्रत्येकाने घोट घेतला आणि कुणीही थुंकलं नाही. सिवर्ट गुडघ्यावर हात टेकून उठला.

"पाठ धड आहे ना तुझी? मग वाक आणि लाकडं सार. मी घरून माल्ट घेऊन येतो."

आनफिन चुलीपुढे वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. या वेळी ते पाठीचं दुखणं नव्हतं हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून सगळे हंड्याकडे बघत बसले.